बाबांचं एक लिटर

पोटॅशियमचं प्रकरण शिकवायला घेतलं की दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पण नारळपाणी तर चांगलं असतं ना?" दर वर्षी मी आधी फळ्याकडे तोंड करते. डस्टर उचलते, पुसलेलं पुन्हा पुसते. मग वळून म्हणते, "कुणाला चांगलं, ते आधी विचारा." मुलींना वाटतं मॅडम चिडल्या. चिडलेलीच असते मी, पण त्या पोरीवर नाही.

परळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा समतोल, हे प्रकरण मी मागून घेतलंय. बाकीच्या टीचर त्याला हात लावायला बघत नाहीत, कारण मुलींना ते डोक्यावरून जातं. मी पुस्तक मिटूनच शिकवते. सांगते, आपली चाळीतली दहा बाय बाराची खोली समजा, ती म्हणजे पेशी. पोटॅशियम हा घरातला माणूस आणि सोडियम गॅलरीतला. दारात एक दरवान बसलाय, तो दिवसभर गॅलरीतल्यांना बाहेर ढकलतो आणि घरच्यांना आत ओढतो. आता घरातली माणसंच भलत्या संख्येने गॅलरीत येऊन उभी राहिली तर काय होईल? हृदयाचा ठेका चुकेल. ही जास्तीची माणसं चाळीबाहेर नेऊन सोडायचं काम किडनीचं. आणि किडनीच बसली असेल तर?

मुली हसतात, वह्यांत चाळ काढतात. परीक्षेत त्यांचं हे उत्तर चुकत नाही. हे उदाहरण मला सुचलं तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी सुचलं असतं तर, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तरी मी म्हणते. रोज म्हणते.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली, आजही आम्ही तिथेच राहतो. समोर टॉवर झाल्यापासून दुपारी तीनलाच घरात दिवा लावावा लागतो. बाबा शिवडीला गोदामात होते, ट्रकमधून उतरलेली पोती मोजायचं काम. दिवसभर उन्हात उभं राहायचं, त्यामुळे पाण्याची त्यांना भारी सवय. घरी आले की तांब्या वर धरून, ओठाला न लावता, एका दमात रिकामा करायचे. गळ्याची घाटी वरखाली व्हायची ती बघायला मला लहानपणी मजा वाटायची. आणि शहाळं. खाली नाक्यावर शहाळेवाला बसतो, संध्याकाळी त्याच्याकडे एक उभ्याने प्यायचं आणि आतली मलई माझ्यासाठी पानात बांधून आणायची. बाकी कसला शौक नव्हता माणसाला. ना दारू, ना तंबाखू.

बीपी मात्र होतं, किती वर्षांचं कोण जाणे. गोळी आठवली तर घ्यायची. मग पाय सुजायला लागले, चपलेचा पट्टा पायात रुतून खूण राहायची. सकाळी उठले की तोंड सुजलेलं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या थकल्यात, काळजी घेतली तर डायलिसिस लांबवता येईल. अकरा दिवस बाबा वॉर्डात होते. सूज उतरली, माणूस अर्धा झाला.

डिस्चार्जच्या दिवसाचं मला सगळं आठवतं, नको तितकं. मी कॉलेजातून तशीच, युनिफॉर्मवर गेले होते. वॉर्डात दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट. त्यातली एक हातात कागद घेऊन आमच्या कॉटपाशी आली. "यांचं पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी सगळं धरायचं. आणि आहाराचं आता नीट ऐका..."

मी तिला मधेच तोडलं. हसून म्हटलं, "सिस्टर, मी नर्सिंगलाच आहे. मला माहितीये."

तिने माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलं, सुटकेचा श्वास सोडला. "अगं मग काय प्रश्नच नाही. घरचीच सिस्टर आहे," असं बाबांना म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे गेली. बाबांची छाती काय फुगली तेव्हा! कागद मी न वाचता घडी करून फाइलच्या कप्प्यात घातला. आईने पिशव्या उचलल्या. मी चालताना माझ्या बुटांचा आवाज ऐकत होते. डोक्यात हवा गेली होती माझ्या, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मी राज्य सुरू केलं. स्टीलच्या ग्लासाला आतून दीडशे मिलीला माझ्या लाल नेलपेंटची रेघ मारली. वहीला रेघा आखल्या, आत किती गेलं, बाहेर किती आलं. बाहेरचं मोजायला मापाचा प्लास्टिकचा जार आणला. आमच्याकडे संडास गॅलरीच्या टोकाला. बाबा खोलीतच जारमध्ये लघवी करायचे आणि आई तो जार पदराखाली धरून, वर वर्तमानपत्र टाकून, सगळ्यांच्या दारांवरून न्यायची. बाबा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी आकडा लिहायचे. त्यांच्या तोंडाकडे मी बघत नव्हते, मला आकड्याशी मतलब.

तहान ही काय चीज आहे ते पुस्तकात वाचून कळत नाही. बाबा रात्रंदिवस पाण्याच्या मागे. मोठा माणूस, सगळ्या चाळीत ज्याच्या शब्दाला मान, तो माझ्याकडे हात पसरायचा. दुखण्यात ते पार गावच्या बोलीवर गेले होते. "वायच पाणी दी गो बाय, घसो सुकलो."

"बाबा, आत्ता दिलं ना? अजून दोन तास नाही."

"अगं, दे ना घोटभर," आई म्हणायची. "घोटाने काय आभाळ कोसळणारे?"

"मग तूच कर सगळं! छातीत पाणी भरलं की मला हाक मारू नकोस."

अशी बोलायचे मी, जिभेला हाड नसल्यासारखी. एकदा बाबा मोरीत तोंड धुवायला गेले आणि चूळ भरता भरता पाणी गिळताना मी त्यांना पकडलं. ओरडले मी त्यांच्यावर. शेजारच्या काकू दारात आल्या इतकी ओरडले. बाबा टॉवेलने तोंड पुसत कॉटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चुकला गो." स्वतःच्या मुलीला. मेले असते मी तिथेच तर बरं झालं असतं.

घरी येऊन आठवडा झाला, रविवार होता. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे रिकाम्या हाताने जात नाहीत. सकाळपासून माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या हातात शहाळं. गोदामातली मंडळी चार घेऊन आली. काकूंनी दोन आणली. दुपारपर्यंत मोरीच्या कट्ट्यावर नऊ शहाळी रांगेत उभी. बाबा कॉटवरून त्यांच्याकडे बघत होते. मागत नव्हते काही, मोरीतल्या त्या प्रकारानंतर ते माझ्याकडे काही मागतच नव्हते. नुसते बघत होते.

आणि मला दया आली. खरंच सांगते, दयाच आली. त्या दिवसाचे त्यांचे तीन ग्लास अजून शिल्लक होते. मी विचार केला, पाणी ते पाणी. साध्या पाण्याचा एक ग्लास कापायचा आणि त्या जागी शहाळं द्यायचं. मापात बसतंय ना? वर आणखी अक्कल चालवली. दोनच महिन्यांपूर्वी माझी ड्युटी लहान मुलांच्या वॉर्डात होती. जुलाबाने सुकलेली पोरं यायची, आणि तिथल्या सिस्टर आयांना सांगायच्या, नारळपाणी द्या, त्यात क्षार असतात, अंगात ताकद येते. क्षार असतात! हे मला पाठ होतं. कुठला क्षार, आणि तो बाहेर काढायला समोरच्याची किडनी चालू आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. सोडियमचा धडा झाला होता. पोटॅशियमचा त्या पंधरवड्यात व्हायचा होता.

मी नेलपेंटच्या रेघेपर्यंत शहाळ्याचं पाणी ओतलं, वर थोडं जास्तही, आणि ग्लास बाबांच्या हातात दिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, खरंच देतेय ना म्हणून. मग घोट घोट करून प्यायले, तोंडात घोळवून. डोळे मिटले त्यांनी. "आता जीवाक बरां वाटला," म्हणाले. आई पदराने डोळे पुसत हसली. मी वहीत लिहिलं, शहाळं दोनशे मिली. त्या दिवशी मी घरातली सगळ्यात शहाणी होते.

मग ती वाटच सापडली. सकाळी एक, संध्याकाळी एक, कधी दुपारीही. पाण्याचे ग्लास कापायचे आणि शहाळी लिहायची. नऊ संपली तेव्हा खालच्या शहाळेवाल्याकडून मी स्वतः आणायला लागले. घरातली भांडणं थांबली. बाबा माझ्याशी पुन्हा बोलायला लागले, कॉलेजात काय शिकवलं विचारायला लागले. लिटरच्या वर एक थेंब जात नव्हता. वही इतकी नीट होती की ती टीचरना दाखवायची असं मी ठरवलं होतं.

शहाळी सुरू केल्यापासून दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "पायात त्राण नाय गो." मी म्हटलं, इतके दिवस पडून आहात, असं होणारच. नाडी मोजली, पन्नास भरली. हॉस्पिटलात असताना नव्वदच्या वर असायची. मी आईला सांगितलं, "बघ, गोळ्या लागू पडल्या. नाडी कशी शांत झालीय." वहीत लिहिलं, नाडी पन्नास, आणि खाली रेघ मारली. आनंदाने मारली हो ती रेघ! मग सकाळचं शहाळं दिलं, अडीचशे मिली, आणि कॉलेजला गेले.

त्याच दिवशी दुपारी आईचा फोन आला, बाबा मोरीपाशी खाली बसले ते उठत नाहीत. शेजारच्या काकांनी आणि आणखी दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं, टॅक्सीत घातलं. मी कॉलेजातून धावत हॉस्पिटल गाठलं तेव्हा बाबा कॅज्युअल्टीत होते, छातीला वायरी लावलेल्या. समोर ईसीजीचा कागद सरकत होता. त्यावरच्या लाटा उंच आणि टोकदार होत्या, एकीशेजारी एक तंबू ठोकल्यासारख्या. चार दिवसांपूर्वीच हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. धडा अजून झाला नव्हता, पानं पुढे चाळताना दिसलं होतं, रक्तात पोटॅशियम वाढलं की असं होतं, हे चित्राखालचं वाक्यही वाचलं होतं. मला कळलं. त्याच क्षणी सगळं कळलं, पहिल्या ग्लासापासून.

डॉक्टर हात चालवत होते, सिस्टर इंजेक्शन भरत होती, डायलिसिसला कळवा म्हणून कुणीतरी ओरडलं. डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं, "नारळपाणी, फळांचे रस, काही देत होतात का घरी?"

आई बाहेर केसपेपर काढायच्या रांगेत होती. तिथे मी एकटीच होते, अंगावर युनिफॉर्म.

"नाही," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तरी उपचार बदलले नसते. हे मला आज शंभर टक्के ठाऊक आहे, मी तेच शिकवते. कॅल्शियम आधीच शिरेतून जात होतं, ग्लुकोज आणि इन्सुलिन चालू होतं, करायचं ते सगळं ते करत होते. पण बापाचा जीव चाललेला असताना त्याच्या मुलीने आपली अब्रू वाचवली, हे काही कुठल्या उपचाराने बदलत नाही. डायलिसिसला नेण्याआधीच बाबा गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते. खिडकीत ऊन होतं.

तेरावं झाल्यावर फाइल आवरताना तो घडीचा कागद सापडला. इंग्रजीत होता, साध्या इंग्रजीत, शाळकरी पोराला कळेल अशा. काय द्यायचं नाही त्याच्या यादीत पहिल्याच ओळीत नारळपाणी. मी खाली बसले. मग तो कागद फाडला, अगदी बारीक फाडला, आणि कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीतून खाली सोडला. वही फाडवली नाही. ती माझ्याकडे आहे.

आणि आई? आईने त्यातूनच आधार शोधला. येईल त्याला सांगायची, "पाण्यासाठी तडफडत होते हो. पण पोरीने शेवटपर्यंत शहाळं पाजलं. तिच्या हातचं पिऊनच गेले. तेवढं तरी पुण्य तिच्या पदरात पडलं." मी तिथेच बसलेली असायचे. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. दर वर्षी तिथीला आई केळीच्या पानावर सगळं वाढायची आणि शेजारी फोडलेलं शहाळं ठेवायची. नंतर ते माझ्या हातात द्यायची, "पी, बाबांचा प्रसाद." सात वर्षं मी ते प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत, कारण आई बघत असायची.

कितीदा ठरवलं, सांगू या. बस झालं आता. पण सांगून तिला काय देणार होते मी? नवरा गेलाच होता, उरलेली मुलगी पण काढून घ्यायची? असं मी स्वतःला समजवायचे. घाबरट होते, तेवढंच खरं.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंना डायलिसिस सुरू झालं. आम्ही दोघी दुपारी घरी होतो. आई खालून शहाळं घेऊन आली, कोयत्याने वरचं झाकण नीट उडवलेलं. ग्लास घेतला, पदर खोचला.

"कुठे निघालीस?"

"काकूंकडे. पाणी तोडलंय बिचारीचं. आपल्या बाबांसारखंच. म्हटलं, शहाळ्याने जरा जीव थंड होईल तिचा."

"नको, आई."

"अगं, मापातच देणारे. तू नव्हतीस का देत मापात?"

"आई, नको नेऊस. किडनी गेलेल्या माणसाला ते चालत नाही. हृदय बंद पडतं त्याने."

बोलले मी. काकूंचा जीव नसता मधे तर आजही बोलले नसते, इतकी मी हलकट आहे. आई दारात उभी होती, एका हातात शहाळं, एका हातात ग्लास. गॅलरीतून कुणीतरी मोठ्याने फोनवर बोलत गेलं. तो आवाज जिन्यात उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

"मग यांना..." ती म्हणाली. ग्लास कट्ट्यावर ठेवला. मग विचारलं, "तुला तेव्हा माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"हॉस्पिटलात सांगितलं नव्हतं कुणी?"

मग तेही सांगितलं. कॉटपाशी आलेली सिस्टर, मी हसून म्हटलेलं वाक्य, फाडलेला कागद, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. आई रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिने मोरीत जाऊन शहाळं हळूहळू ओतून दिलं, रिकामं कवच कचऱ्याच्या डब्यात ठेवलं आणि कुकर लावायला घेतला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, उशीर झाला तर फोन करते. पण तिच्या बीपीच्या गोळ्या आता समोरच्या बिऱ्हाडातली सून काढून देते. मी पुढे केल्या तर म्हणते, "असू दे, ती देईल." ब्लड प्रेशर मोजायचं मशीन मी आणून ठेवलंय, त्याचा खोकासुद्धा तिने उघडलेला नाही.

परवा बाबांची तिथी झाली. मी रजा घेतली होती. आईने पहाटेपासून एकटीने सगळा स्वयंपाक केला, मला नारळ खवायलासुद्धा दिला नाही. पान मांडलं, वाढलं. शहाळं कुठे नव्हतं. त्या जागी स्टीलचा ग्लास होता, तोच. इतक्या वर्षांत नेलपेंट बरंचसं उडालंय, पण आतून रेघ अजून दिसते. पाणी त्या रेघेच्या कितीतरी वर, अगदी काठोकाठ भरलेलं होतं, थोडं पानावर सांडलेलं.

मी पुसायला वाकले.

"हात लावू नको," आई म्हणाली. "पिऊ दे त्यांना."